तुम्ही न मारलेला हातोडा

अण्णा, तुमच्या तेराव्याला मी पोटभर जेवलो. वैनींनी आग्रह करकरून पानात वडे वाढले. "तुझ्या अण्णांना आवडायचे, खा," म्हणाल्या, आणि मी खाल्ले. त्याच आठवड्यात मला कळलं की तुम्ही माझ्याशी खोटं बोलला होतात. आधी कळलं असतं तर जेवलो नसतो, असं म्हणणार नाही. जेवलोच असतो. पण तुमच्या फोटोला हार दुसऱ्या कुणाला घालायला लावला असता.

हे कागदावर लिहितोय, कारण समोर बसून बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. शेडच्या भिंतीवर मी खडूने मापं लिहायचो तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "हे काय रे? इथे मुंग्या मेल्या काय?" तशाच मुंग्या आहेत. वाचून घ्या.

जयलक्ष्मीपुरमच्या मॅडमचा फोन आला होता. पाण्याच्या टँकरने मागे घेताना गेटला धडक दिली, खालची बिजागरी वाकली, येऊन बघशील का, म्हणाल्या. मी तुमची वेल्डिंगची मशीन गाडीला बांधली आणि निघालो. खोटं कशाला सांगू, जरा बरंच वाटलं. तुम्ही गेल्यापासून शेडमध्ये कशालाच हात लागत नव्हता. वैनींनी किल्ली माझ्या हातात दिली होती आणि मी ती नुसती खिशात घेऊन फिरत होतो. आता निदान माझ्याच हातचं गेट होतं. माझं पहिलं.

ते गेट माझ्यासाठी काय होतं, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. माझा फोन उघडला की आधी तेच दिसतं. गावी भावाला, कडकोळच्या फॅक्टरीतल्या जुन्या सोबत्यांना, कुणालाही मी कोण हे सांगायचं तर मी फोन पुढे करायचो. वर भाल्यांची रांग, दोन्ही पाखांवर, म्हणजे गेटच्या दारांवर, वेलीची नक्षी आणि मधोमध तो म्हैसूरचा दोन तोंडांचा पक्षी. मॅडमनी पक्ष्याचं चित्र दिलं तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, "अण्णा, हे दोन पोपट एकमेकांना का चिकटलेत?" तुम्ही हातातला चहा सांडलात. "अय्यो, गाढवा! आमचे आजे-पणजे राजाच्या फौजेत ह्याच पक्ष्याखाली घोड्यावर बसले. राजाचं निशाण ते, गंडभेरुंड. आणि तू पोपट म्हणतोस? आमच्या घरात येऊन असं बोललास तर जेवायला नाही घालायची तुझी वैनी." नंतर महिनाभर शेडमध्ये माझं नाव पोपट होतं.

मॅडमच्या दारात बसून मी बिजागरीजवळ ग्राइंडर लावला. काळा रंग गेला. त्याखालचा तांबडा प्रायमर गेला. त्याखाली लांबी लागली, पत्र्यावरचे खड्डे भरायला रंगारी जो लेप भरतात तो, चांगला जाड. मला नवल वाटलं. मी लांबी भरली नव्हती. भरायची गरजच नव्हती, कारण मी प्रत्येक सांधा घासून घासून काचेसारखा सपाट केला होता. मग लांबीची पूड उडाली आणि खालून वेल्डिंगची वेणी निघाली.

तुम्ही तिला जडे म्हणायचात. वेल्डिंग वितळून पुढे सरकतं तेव्हा मागे जे पेड पडत जातात, एकावर एक, घट्ट, ती वेणी. तुम्ही ती कधी घासू द्यायचा नाहीत. "पोरीची वेणी कापून टकलू करतोस आणि सुंदर म्हणतोस?" आणि या वेणीचे पेड उलटे पडले होते. माझे डावीकडून उजवीकडे जातात, शेडमधल्या सगळ्यांचे तसेच जातात. उजवीकडून डावीकडे वेणी घालणारा माणूस त्या शेडमध्ये एकच होता. डावरा.

मी वरची बिजागरी घासली. तुमची वेणी. खालचा कोपरा घासला. तुमची. पक्ष्याच्या पायाजवळ घासलं, तिथेही तुम्ही. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. मॅडमना वाटलं ऊन लागलं. त्यांनी पाणी आणलं.

अण्णा, लांबी पाप झाकायला असते असं तुम्ही शिकवलंत. दुसऱ्या शेडचं काम आलं की नखाने टोकरून बघायचात आणि म्हणायचात, "बघ, इथे पाप आहे." मग आयुष्यात एकदाच तुम्ही लांबी भरलीत, ती चांगलं काम झाकायला.

आपली पहिली भेट आठवते का? नंजनगूडहून म्हैसूरला येणारी बस. तुम्ही लोखंडी पाईप घेऊन चढला होतात आणि कंडक्टर कन्नडमध्ये तुमच्यावर ओरडत होता. तुम्ही त्याला कन्नडमध्येच उत्तर दिलंत आणि मग स्वतःशी पुटपुटलात, "आता ह्याला काय मांडीवर बसवून अंगाई म्हणू?" मी हसलो. या गावात येऊन कितीतरी दिवस झाले होते आणि मी हसलो नव्हतो. तुम्ही वळून बघितलंत. "हसतोस? मराठी येती काय रे तुला?"

"येते. वाशिमकडचा आहे."

"येते!" तुम्ही माझी नक्कल केलीत. "बोलणं नोडु ह्याचं, पुस्तकातून काढल्यासारखं. आमची मराठी ऐकशील तर कानात बोटं घालशील. धर हे टोक."

मी टोक धरलं आणि तुमच्या मागोमाग तुमच्याच स्टॉपवर उतरलो. ठेकेदाराने कडकोळला पॅकिंगच्या कामावर आणलेला माणूस मी, खोक्यांना टेप लावणारा. सुट्टीच्या दिवशी शेडवर यायला लागलो. तुम्ही मला नोडु म्हणजे बघ, स्वल्प म्हणजे थोडं, सुम्ने म्हणजे उगाच, परवागिल्ला म्हणजे ठीक आहे, चालेल, असे शब्द दिलेत, वैनींनी नाचणीच्या मुद्देचा गोळा न चावता गिळायला शिकवला. घरी तुम्ही दोघं अर्धं वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचात आणि मी मधेच हरवायचो. तरी त्या घरात मला घरच्यासारखं वाटायचं. हे मी मागे घेत नाही. आज कितीही राग आला तरी हे मागे घेत नाही.

पण आपल्या शेडचा एक कायदा होता, आणि तो तुम्ही केला होता. रंग लागायच्या आधी गेट घोड्यावर, म्हणजे लोखंडी तिवईवर, आडवं घालायचं. गिऱ्हाइकाला बोलवायचं, चहा मागवायचा, आणि त्याच्यासमोर प्रत्येक सांध्यावर हातोडा मारायचा. सांधा टिकला तर टण्ण वाजतो. कच्चा असेल तर ठक्क होतो, मग उघडतो. उघडला की ज्याने केला त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, "माझा सांधा," आणि तिथल्या तिथे पुन्हा करायचा. तुमच्या स्वतःच्या गेटवरही तुम्ही दुसऱ्याला मारायला लावायचात. एकदा जुन्या कारागिराचा सांधा उघडला तेव्हा तुम्ही जे ओरडलात ते रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानेही ऐकलं. तो कारागीर हसला, 'माझा सांधा' म्हणाला आणि वेल्डिंगचा होल्डर उचलला. मी मात्र आत घाबरून गेलो होतो.

म्हणूनच ते मी तुम्हाला सांगितलं. मॅडमचं गेट होत आलं होतं, आपण दुपारी शेडच्या मागे दहीभात खात होतो, आणि मी तुम्हाला शाळा का सोडली ते सांगितलं. आठवीत गुरुजींनी मला फळ्यावर गणित सोडवायला लावलं, ते चुकलं, आणि त्यांनी मला त्या चुकलेल्या गणिताशेजारी उभं ठेवलं. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातली मुलंही बघून गेली. सुट्टीनंतरही मी तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही, मग कधीच गेलो नाही. हे मी बायकोलाही धड सांगितलेलं नव्हतं.  तुम्ही लोणच्याची फोड माझ्या भाताकडे सरकवलीत.

आणि मग तो दिवस. गेट घोड्यावर. मॅडम खुर्चीवर, हातात चहा. वैनीही आल्या होत्या, माझं पहिलं म्हणून. एक गोष्ट आधीच गंडली होती. मी एका बाजूचे सगळे सांधे सलग मारले, लोखंड तापून ओढलं गेलं आणि एक पाख पापडासारखं वाकलं. ते तुम्ही घण घालून सरळ करून दिलंत, हसत. "सगळ्यांचं पहिलं वाकतं. तू काय राजाचा जावई?" तेवढं मला ठाऊक होतं, तेवढं मी पचवलं होतं. आता हातोडा. 

तुम्ही हातोडा उचललात. गेटभोवती एक फेरी मारलीत. बिजागरीच्या पट्टीवर अगदी हलका, पक्ष्याने चोच मारावी तसा, एक टोला दिलात. कान लावलात. आणि हातोडा खाली ठेवलात.

"परवागिल्ला," तुम्ही म्हणालात. "ह्याला नको मारायला. दिसतंय की. मॅडम, मी ह्याला हात लावला नाही. सगळं ह्यानं केलं."

अण्णा, तो आवाज माझ्या कानात होता. इतके दिवस तो मला टण्णच आठवत होता. आता पुन्हा पुन्हा आठवून बघतो आणि तो ठक्क होता. तुम्हाला त्या एका टोल्यात सगळं कळलं होतं. माझं वेल्डिंग वरवर बसलं होतं, लोखंडात शिरलंच नव्हतं, आणि जे थोडंफार होतं तेही मी सुंदर दिसावं म्हणून घासून टाकलं होतं. नुसतं चिकटवलेलं गेट. तुम्ही ते ऐकलंत आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारलीत.

मॅडमच्या घरी लग्न होतं, गेट लगेच बसवायला हवं होतं. बसवलं. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "जा. बायकोला, पोरीला घेऊन ये. फॅक्टरीला सांग, येत नाही म्हणून. तुझा हात तयार झाला." मी तुमच्या पाया पडलो. ठेकेदाराला जाऊन सांगितलं. गावी गेलो. घरात ते गेट फोनवर दाखवत फिरलो. पोरीचं नाव शाळेतून काढलं.

तुम्ही मला घरी पाठवलंत, की वाटेतून दूर केलंत?

पायरीवर पाणी प्यायल्यावर मी मॅडमना सांगून टाकलं. मॅडम कन्नडच बोलतात, मला आता समजतं, तेही तुमच्यामुळे. मी म्हणालो, "मॅडम, हे गेट मी केलेलं नाही." मला वाटलं त्यांना धक्का बसेल.

त्या हसल्या. "ठाऊक आहे की. तुझे अण्णा आले होते ना, तू गावी गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मशीन घेऊन. सगळे सांधे पुन्हा मारले. मी म्हटलं, अहो, लग्नघर आहे, ठिणग्या उडवताय काय! म्हणाले, मॅडम, दोन दिवस द्या, आणि त्याला सांगू नका." मग त्यांना आणखी आठवलं आणि त्या अजूनच हसल्या. "काम संपल्यावर गेटवर चढले, माहितीये? खालच्या पट्टीवर पाय ठेवून, लहान मुलासारखे झुलले. इकडून तिकडे. या वयात! मी म्हटलं पडाल. म्हणाले, पडलो तर मी पडू दे, लग्नाची पोरं नकोत पडायला."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. "तुला सांगितलं नव्हतं त्यांनी? कधीच?"

लग्नाची पोरं. अण्णा, ते मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या गेटवर कुणी झुललं असतं तर. मी गावी पेढे वाटत होतो तेव्हा.

तुमच्या शेडवर यायच्या आधी मी वैनींकडे गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी बसलो नाही.

"वैनी, मॅडमचं गेट अण्णांनी पुन्हा केलं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की." सुपावरून नजर न उचलता.

"आणि इतके दिवस मला पोपट बनवलंत तुम्ही सगळ्यांनी?"

"बस आधी."

"नाही बसत."

"नको बसू. उभ्यानं ऐक." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तू पेढे घेऊन आलास तेव्हा तुझ्या अण्णांचे डोळे बघितलेस? लाल भडक?"

बघितले होते. मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, उन्हाने.

"ऊन नव्हतं ते, वेल्डिंगचा उजेड होता. इतके सांधे एकट्याने, त्या वयात. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं म्हणून ओरडत होते. मी बटाट्याच्या चकत्या बांधल्या डोळ्यांवर. मी म्हटलं, एवढं कशाला मरता? बोलवा त्याला, मारा हातोडा, करू दे पुन्हा. कायदा तुमचाच ना? तर म्हणाले, ह्याला फळ्याजवळ उभं केलं तर हा उठून जातो. एकदा गेलाय. पुन्हा गेला तर त्या खोक्यांकडे जाईल, मग कधी यायचा नाही."

मी काय बोललो ते वैनींना विचारा. बरं नव्हतं. मी म्हणालो, ती गोष्ट मी त्यांना विश्वासाने सांगितली होती, माझ्यावर वापरायला नव्हती दिली. मी म्हणालो, गुरुजींनी निदान तोंडावर सांगितलं. वैनींचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "असं नको बोलूस रे. गेलेत ते." आणि मी म्हणालो, "हो. गेलेत. बोलायला थांबले नाहीत."

त्यानंतर तुमच्याबद्दलचं एकेक जुनं सोनं मी घासून बघायला लागलो. त्या गेटनंतर मी वेल्डिंगला बसलो की तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसायचात. प्रत्येक सांध्याला. "डोळ्यांना विश्रांती देतो, तू कर," म्हणायचात. मधेच करंट वाढवायचात, मधेच "सावकाश, लोखंडाला प्यायला दे," म्हणायचात. मी वैनींना सांगायचो, अण्णांना माझ्याशिवाय करमत नाही. आता कळतंय ते स्टूल पहाऱ्याचं होतं. आणि त्यानंतर माझ्या एकाही गेटवर तुम्ही हातोडा मारला नाहीत. शेडचा कायदा सगळ्यांना होता, मला नव्हता. मला तो मान वाटायचा.

एका सकाळी बसने नंजनगूडला गेलो, आपण गिरणीवाल्याला केलेल्या गेटकडे. खालच्या कोपऱ्यात रंग खरवडला. गिरणीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. "काय झालं?" मी म्हणालो, "तपासणी." खाली वेणी होती, डावीकडून उजवीकडे, जरा वाकडी. माझी. खोलवर शिरलेली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला एवढंच दिसलं की हे तुम्ही शेजारी बसून करून घेतलंय. आणि आता शेजारी स्टूल रिकामं आहे.

ही भीती तुम्हाला सांगायची होती, अण्णा. कारण तुम्ही माझ्यासाठी एक काम घेऊन ठेवलंत आणि निघून गेलात. बालवाडीचं गेट. बाईंना फुलपाखरं हवी होती, पानं हवी होती, मोराचं एक पीस हवं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "बाई, काहीही लावा, पोरं त्याच्यावर चढणारच." तुम्ही मापं घेऊन ठेवली होतीत. मी ते काम नाही म्हणू शकलो असतो. कडकोळला अजून माणसं लागतात. ठेकेदाराचा नंबर आहे. दोनदा फोन हातात घेतला. पोर शाळेतून आली, तिने कन्नडमध्ये काहीतरी भरभर सांगितलं, मला अर्धं कळलं, आणि मी फोन ठेवला.

गेट केलं. स्टूल बाहेर ठेवून केलं. करंट स्वतः लावला. दोन्ही बाजूंनी आलटून पालटून सांधे मारले, पाख वाकलं नाही. कुठलाही सांधा घासला नाही. फुलपाखरांच्या कडेला वेणी दिसत होती, ती दिसू दिली. मग गेट घोड्यावर आडवं घातलं, बालवाडीच्या बाईंना निरोप धाडला आणि चहा सांगितला. वैनींकडे मी स्वतः गेलो. त्या दिवसानंतर गेलो नव्हतो. दारातच उभा राहिलो.

"वैनी, हातोडा हवाय. अण्णांचा."

त्यांनी तो घरी नेऊन ठेवला होता, फोटोखाली. मला वाटलं देणार नाहीत. त्यांनी पदराने पुसला आणि म्हणाल्या, "मी पण येते. तुझ्या पहिल्याला आले होते, ह्याला नको यायला?"

कायद्याने दुसऱ्याने मारायचा. जुन्या कारागिराच्या हातात दिला. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हणालो, "जोरात मार. अण्णा मारायचे तसा." बाई चहा हातात घेऊन अवघडून बसल्या होत्या, त्यांना हे काय चाललंय ते कळत नव्हतं. पहिला टोला. टण्ण. दुसरा. टण्ण.  वरची बिजागरी टिकली. फुलपाखरं टिकली. मोराचं पीस टिकलं. वैनी प्रत्येक टोल्याला डोळे मिटत होत्या. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे पोरं पाय ठेवतील अगदी तिथे, ठक्क झालं. पाईप उघडला. केसाएवढी फट, पण उघडला.

 कारागिराने माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. वैनींनी पदर तोंडाशी नेला. अण्णा, तो फळा पुन्हा समोर होता आणि मी त्याच्याशेजारी उभा होतो. पायांना दार ठाऊक होतं. मी ते तुमच्यापासून लपवत नाही.

मग मी म्हणालो, "माझा सांधा."

आवाज बारीक निघाला. पुन्हा म्हणालो. बाई म्हणाल्या, "म्हणजे गेट वाया गेलं का?" मी म्हणालो, "नाही हो, थांबा. चहा संपवा." ग्राइंडरने तो सांधा उघडला, आत बघितलं. घाईने मारला होता, लोखंड प्यालं नव्हतं. तोंडावरची काच खाली केली आणि पुन्हा वेल्डिंग मारलं, सावकाश. कारागिराने परत हातोडा उचलला. तीन टोले मारले, मी न सांगता. टण्ण, टण्ण, टण्ण. "पोपटाचं परवागिल्ला," तो म्हणाला, आणि वैनी रडता रडता हसल्या.

मॅडमच्या गेटची बिजागरी मी नवी करून दिली. तुमची वेणी जिथे उघडी पडली होती तिथे लांबी भरली नाही, नुसता रंग दिला. आता विचारलं कुणी की सांगतो, हे आमच्या अण्णांचं. फोनवरचा फोटो मात्र काढून टाकला.

तुमचे डोळे सुजले ते माझ्यासाठी, हे मला कळतं. तुम्ही त्या गेटवर झुललात, तेही माझ्यासाठी. माझी बायको-पोर आज इथे आहेत ती तुमच्या खोट्यामुळे. मला याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत आणि मानता येत नाहीत. कारण मला त्या दिवशी हातोडा हवा होता. तेव्हा सांधा उघडला असता तर मी पळालो असतो का? असेनही. पण ते तुम्ही ठरवलंत, मला विचारलं नाहीत. गुरुजींनी माझी चूक सगळ्यांना दाखवली, तुम्ही ती बाकी सगळ्यांना कळू दिलीत आणि मला दाखवली नाहीत. दोघंही माझ्याबद्दल एकच धरून चाललात, की आपली चूक ह्याला स्वतः सुधारता येणार नाही.

काल बालवाडीचं गेट बसवलं. बाई आत गेल्यावर खालच्या पट्टीवर पाय ठेवून मी झुललो, इकडून तिकडे, तुमच्यासारखा. त्याच कोपऱ्यावर सगळा भार टाकला. टिकलं. उतरलो, हत्यारं गोळा केली आणि शेडवर आलो. तुमचं स्टूल आत घेतलं. हातोडा खिळ्याला टांगला, जिथे यायच्या-जायच्या माणसाला दिसेल.

माझा सांधा सगळ्यांसमोर उघडला, अण्णा, आणि मी गेलो नाही. हे तुम्ही बघायला हवं होतंत.